सिंदफणेच्या काठी देशी गळ

२२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू आणि सेवा कराचे नवे दर लागू झाले, त्यात एक बारीक नोंद होती. मासे धरण्याची काठी, तिचं साहित्य आणि हातजाळं यांच्यावरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. जाळ्यावर आणि सुट्या गळावर तो आधीपासूनच ५ टक्के होता. या फरकाचं मूळ कराच्या वर्गवारीत आहे. जाळं बसतं दोरखंड आणि सुतळीच्या प्रकरणात, काठी आणि रीळ बसतात प्रकरण ९५ मध्ये, म्हणजे खेळणी आणि क्रीडासाहित्याच्या शेजारी. जाळं म्हणजे पोट आणि काठी म्हणजे हौस, असा हिशेब कागदावर वर्षानुवर्षं मांडलेला होता. कर कमी झाला तरी तो हिशेब लोकांच्या डोक्यातून गेलेला नाही. म्हणूनच बीडसारख्या जिल्ह्यात देशी बनावटीचा गळ आणि रीळ घ्यावं का, असा प्रश्न कुणी विचारला तर पहिलं उत्तर येतं की इथं पाणीच नाही आणि असले शौक कुणाला परवडणार. दोन्ही उत्तरं मला अपुरी वाटतात. देशी गळ घ्यावा, असं माझं मत आहे. पण त्याचं कारण अभिमान नाही. जी वस्तू मोडल्यावर तालुक्याच्या गावात दुरुस्त होते तीच बीडमधल्या माणसाला खरी स्वस्त पडते, हे कारण आहे. या कसोटीवर घासलं की गळाचा प्रत्येक भाग वेगळा निकाल देतो, आणि तो निकाल आहे तसा मान्य करायला हवा.

आधी पाण्याचं. बीड अवर्षणप्रवण आहे, दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे इथली हजारो कुटुंबं ऊसतोडीला बाहेर पडतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण याच जिल्ह्यात सिंदफणा नदीवर माजलगावचं धरण आहे, जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यातलं, सुमारे ४५४ दशलक्ष घनमीटर पाणी धरणारं. केज तालुक्यात धनेगावला मांजरा धरण आहे, त्याची क्षमता सुमारे २२४ दशलक्ष घनमीटर. पालीजवळ बिंदुसरा आहे, परळीकडं नागापूरचा वाण प्रकल्प आहे, गेवराई आणि माजलगावच्या उत्तरेला गोदावरी वाहते, शिवाय बालाघाटाच्या कुशीत गावोगावी पाझर तलाव. या पाण्याचा स्वभाव मात्र लहरी आहे. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा कोरडं पडल्यामुळं लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये सिंदफणेच्या पुरानं काठची शेतं खरडून नेली. म्हणजे इथला मासेमार दहा वर्षांत कोरडी तळी आणि महापूर दोन्ही पाहतो, आणि त्याचं साहित्य या दोन्ही टोकांना टिकावं लागतं.

या जलाशयांवर पिढ्यान्‌पिढ्या काम करतो तो भोई समाज. थर्माकोलचा तराफा, नायलॉनचं लावजाळं, फेकायचं जाळं, आणि काठावरून गळ टाकायचा तर हाताशी येईल ती काठी. गावातल्या पोरांचा गळ तर चार वस्तूंचा असतो: बांबूची काठी, तंगूस, शिशाचा तुकडा आणि आकडा. तरंगीला ज्वारीच्या वाळल्या धांड्याचा वीतभर तुकडा चालतो. आमिषाला कणीक किंवा गांडूळ. या साहित्यात रीळ नाही, आणि पावसाळ्यानंतर त्याची गरजही पडत नाही, कारण धरण भरलेलं असताना काठालगतच खोल पाणी असतं. पण दख्खनच्या पठारावरची धरणं उथळ उताराची आहेत. उन्हाळ्याकडं पाणी मागं सरकतं तसा काठ आणि पाणी यांच्यामध्ये गाळाचा रुंद पट्टा उघडा पडतो. त्या गाळात पाय गुडघ्यापर्यंत रुततो. दहा फुटांच्या काठीला बांधलेला दहा-बारा फुटांचा दोरा मग खोल पाण्यापर्यंत पोचतच नाही. रोहू आणि कटला तिथं असतात, गळ अलीकडच्या ढवळ्या पाण्यात पडतो. रीळ ही चैन आहे असं म्हणणाऱ्यानं हा काठ एप्रिलमध्ये पाहावा. लांब फेकलेला दोरा ओढून घ्यायचं साधन इथं कामाचं आहे.

आता एकेका भागाकडं येतो. काठीच्या बाबतीत देशी मालाची बाजू भक्कम आहे, इतकी की त्यासाठी वेगळा युक्तिवाद करावा लागू नये. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंड-अमेरिकेतले नामांकित कारागीर चिरलेल्या बांबूच्या सहा पट्ट्या जोडून गळाच्या उत्तम काठ्या बनवत. त्यांचा बांबू कलकत्त्याच्या बंदरातून जाई आणि बाजारात तो कलकत्त्याच्याच नावानं ओळखला जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी चीनमधल्या बांबूनं त्याची जागा घेतली. कलकत्त्याचा म्हणून गेलेला तो बांबू मुख्यतः भरीव जातीचा. आपल्याकडं तिला मानवेल म्हणतात आणि विदर्भाच्या जंगलात ती मुबलक आहे. त्याहूनही मागं जायचं तर बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात मत्स्यविनोदाचा एक स्वतंत्र भाग आहे. कोणत्या माशाला काय चारावं, काठी आणि दोरा कसा असावा, मासा लागल्यावर काय करावं, याचा तिथं शास्त्र म्हणून विचार केलेला आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये त्यावर अभ्यासलेख लिहिला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आणि बीडचा प्रदेश त्याच चालुक्यांच्या अंमलातला. गळ हा साहेबांनी आणलेला छंद आहे, अशी समजूत करून घेतलेल्यांनी निदान एवढं ध्यानात ठेवावं.

जुनी परंपरा आहे म्हणून आजची काठी चांगली ठरत नाही, हा आक्षेप रास्तच आहे. बाजारात मिळणारी बांबूची काठी बरेचदा ओली तोडलेली, सावलीत न वाळवलेली असते. वर्षभरात तिला कीड लागते आणि कांड्याजवळ ती चिरते. पण हे दोष तोडणीचे आणि वाळवणीचे आहेत. गावातला बुरूड हे काम जाणतो. थंडीत तोडलेला जून बांबू, पाण्यात मुरवलेला, सावलीत महिनोन्‌महिने उभा वाळवलेला आणि विस्तवाच्या धगीवर सरळ केलेला, असा मागितला तर मिळू शकतो. फक्त त्याचे पैसे द्यायची तयारी हवी. खासगी जमिनीवरचा बांबू २०१७ च्या कायदा-दुरुस्तीनं वृक्षाच्या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळं तोडणी-वाहतुकीची कटकट संपली. शेजारच्या लातूर जिल्ह्यातून पाशा पटेल यांनी बांबू लागवडीचा धोशा लावला आहे, तो बायोमास आणि फर्निचरच्या अंगानं अधिक. त्या लागवडीतला चांगला, सरळ, बारीक कांड्याचा वाटा काठीसाठी बाजूला काढणं कुणालाच अवघड नाही. काचतंतूची काठीही अशीच देशात होऊ शकणारी वस्तू आहे. ती पाण्याच्या टाक्या आणि मोटारींचे भाग बनवणाऱ्या उद्योगाच्याच घरातली. कार्बनची अतिहलकी काठी हवी असेल तर बाहेरची घ्यावी लागेल. पण ती खडकावर आपटली की तिला न दिसणारी चीर जाते आणि पुढच्या मोठ्या माशाला ती कांडकन मोडते. जोडून मिळत नाही. बांबूच्या काठीचा शेंडा तुटला तर पितळी नळी बसवून दुसरा शेंडा त्याच संध्याकाळी लावता येतो.

दोऱ्याचा आणि जाळ्याचा प्रश्न महाराष्ट्रानं आधीच सोडवलेला आहे, फक्त त्याकडं आपलं लक्ष नाही. तासगावचे आबासाहेब गरवारे यांच्या उद्योगसमूहातून १९७६ मध्ये गरवारे वॉल रोप्स उभी राहिली. वाई आणि पुण्याला तिचे कारखाने आहेत, आज तिचं नाव गरवारे टेक्निकल फायबर्स आहे. कोळी बांधवांची जाळी ती बनवतेच, शिवाय नॉर्वे, स्कॉटलंड, कॅनडा आणि चिलीच्या समुद्रात सामन मासे पाळण्याच्या पिंजऱ्यांसाठी तिची जाळी जातात. थंड समुद्रात वर्षानुवर्षं बुडून राहणारं, सीलच्या दातांना न दबणारं जाळं कृष्णाकाठच्या वाईत विणलं जातं. तेव्हा भारतात चांगलं मासेमारी साहित्य बनत नाही, हे विधान सरसकट केलं तर खोटं आहे. बनत नाही ते ठरावीक भागात, आणि का बनत नाही याची कारणं शोधता येतात. एक गोष्ट मात्र देशी-परदेशी दोन्ही दोऱ्यांना लागू आहे. नायलॉन उन्हानं कुजतं. बीडचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. दुकानाच्या दारात उन्हात टांगलेलं दोऱ्याचं बंडल कुणाचंही असो, घेऊ नये. दोरा बोटांभोवती गुंडाळून गाठ मारावी आणि झटका द्यावा. सहज तुटला तर तो माल दुकानातच म्हातारा झालेला आहे.

गळाच्या आकड्यात नॉर्वेच्या मुस्ताद कंपनीचं नाव जगभर आहे; कंपनी १८३२ पासूनची. आकडा हा लहानसा, पण पोलादाचं पाणी आणि टोकाची धार यांवर सगळं अवलंबून असलेला भाग. स्वस्त आकडा एक तर सरळ होतो किंवा मोडतो. मऊ असला की सरळ होतो, ठिसूळ असला की मोडतो. पक्कडीत धरून वाकवून पाहिला की लगेच कळतं. आकडा दुरुस्त करायची वस्तू नाही, तो वापरून टाकायचा असतो, म्हणून इथं माझी कसोटी फारशी लागू होत नाही. जो चांगला असेल तो घ्यावा. स्वदेशीचा आग्रह इथं धरून मासा आणि आमिष दोन्ही घालवण्यात अर्थ नाही.

खरी अडचण रिळाची. आज दुकानात जे फिरकीचं रीळ मिळतं ते जवळपास नेहमी चीनमधलं असतं. शानतुंग प्रांतातलं वेइहाई हे शहर गळाच्या साहित्यासाठीच ओळखलं जातं. हे रीळ उघडून पाहिलं तर आत काय असतं? मूठ फिरवली की एक मोठं दातेरी चक्र फिरतं, ते काटकोनात बसलेल्या लहान चक्राला चार-पाचपट वेगानं फिरवतं, त्यावर बसवलेला डोलारा फिरतो आणि त्याच्यावरची तारेची कमान दोऱ्याला फिरकीवर गुंडाळते. वरच्या मळसूत्राखाली चकत्यांची एक थप्पी असते. मासा जोर करू लागला की त्या चकत्या घसरतात आणि दोरा तुटण्याऐवजी थोडा सुटतो. कमानीला उघडझाप देणारी स्प्रिंग केसाएवढी बारीक असते. स्वस्त रिळात चक्रं जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असतात. सिंदफणेचा गाळ आणि बारीक वाळू एकदा आत शिरली की दाते कातरतात, मूठ करकरू लागते. एक दिवस स्प्रिंग तुटते आणि कमान परत बसत नाही. पाच रुपयांची स्प्रिंग, पण ती बीडमध्ये मिळत नाही, संभाजीनगरला मिळत नाही, मुंबईतही त्या नमुन्याची मिळेलच असं नाही, कारण पुढच्या वर्षी कारखान्यानं नमुनाच बदललेला असतो. रीळ जातं भंगारात. किंमत कमी असूनही ते महाग पडतं ते इथं.

मग असं रीळ आपल्याकडं का होत नाही? जगातली नावाजलेली रिळं कुठून आली ते पाहिलं तर उत्तराचा अर्धा भाग सापडतो. स्वीडनमधला आबू हा कारखाना १९२१ मध्ये खिशातल्या घड्याळांसाठी निघाला, नंतर टॅक्सीचे मीटर बनवू लागला. युद्धकाळात मीटरची मागणी आटली तेव्हा तो रिळांकडं वळला. फ्रान्समधली मिशेल रिळं क्लूझ या घड्याळाच्या गावात घडली. जपानची शिमानो १९२१ मध्येच सायकलच्या मागच्या चाकाचं फ्रीव्हील बनवण्यासाठी सुरू झाली आणि मासेमारीच्या साहित्यात ती १९७० मध्ये आली. तिघांकडंही आधी लहान, अचूक दातेरी चक्रं कापणारे हात आणि यंत्रं होती, रीळ नंतर आलं. हे हात मराठवाड्यात आहेत. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना आल्यापासून वाळूज आणि चिकलठाण्याच्या वसाहतींत दुचाकी-तिचाकीचे भाग घडवणारी शेकडो लहान-मोठी वर्कशॉप उभी राहिली. गिअर कापणं, ॲल्युमिनियम ओतणं, बेअरिंग बसवणं, स्प्रिंग वळवणं हे तिथलं रोजचं काम. त्या वर्कशॉपांत बीडची पोरंही आहेत. रिळात असं काही नाही जे तिथं करता येणार नाही. कमी पडतं ते गिऱ्हाईक. आणि गिऱ्हाईक आधी की माल आधी, हा तिढा आपल्याला नवा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १८८८ मध्ये सायकलींचं दुकान काढलं, तिथून ते लोखंडी नांगराकडं वळले. लोखंडानं जमिनीत विष कालवलं जातं अशा समजुतीपायी सुरुवातीची दोन वर्षं त्यांच्या नांगराला गिऱ्हाईकच मिळालं नव्हतं. ते टिकले, आणि फाळ झिजला तर तो बदलून देणारा कारखाना जवळ आहे हे शेतकऱ्याला कळलं, तेव्हा विलायती नांगर मागं पडला.

यावर जाणकारांचा एक आक्षेप असा येईल की शिमानोची पन्नास वर्षं आपल्याला एका उडीत गाठता येणार नाहीत, पहिलं देशी फिरकी रीळ वेइहाईच्या रिळापेक्षा महाग आणि जड असेल. मान्य. म्हणूनच मी फिरकीच्या रिळापासून सुरुवात करा असं म्हणत नाही. बंगालमध्ये तळ्याकाठी बसून रोहू-कटला धरण्याची जुनी आणि अत्यंत मुरलेली रीत आहे. तिथं काठीला साधं चरखीसारखं चाक लावतात: एका आसावर फिरणारा ढोल, दोन मुठी, मागं एक खटका. दाते नाहीत, कमान नाही, स्प्रिंग असलीच तर एक. मासा पळाला की तळव्यानं ढोलाच्या कडेवर दाब द्यायचा, ब्रेक तोच. लेथ असलेला कुठलाही टर्नर हे चाक ॲल्युमिनियमच्या गोलातून काढू शकतो. गाळ शिरला तर एक स्क्रू काढून पुसून तेल सोडलं की झालं. याच्यानं फिरकीइतकं लांब फेकता येत नाही, हा त्याचा उणेपणा. पण दोऱ्याचे वेटोळे आधी काठावर पसरून मग आमिषाचा जड गोळा फेकला तर गाळाचा पट्टा ओलांडता येतो. आणि एक-दोन किलोच्या चिलापी-रोहूसाठी त्याहून जास्त काही लागतही नाही. बीड, माजलगाव, परळी, अंबाजोगाईच्या वर्कशॉपांत होऊ शकणारं हे रीळ आहे. देशी रीळ घ्या असं मी म्हणतो तेव्हा हे रीळ माझ्या डोळ्यापुढं आहे.

देशी शिक्क्याबद्दलही सावध राहायला हवं. डब्यावर हिंदी किंवा इंग्रजी नाव, तिरंग्याचे रंग, आणि पत्ता दिल्लीचा किंवा मुंबईचा, एवढ्यानं माल देशी होत नाही. तो पत्ता बरेचदा आयात करणाऱ्याचा असतो. आवेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार आयात मालावर मूळ देशाचं नाव छापणं बंधनकारक आहे आणि २०२० च्या ई-कॉमर्स नियमांमुळं ऑनलाइन विक्रीतही ते दाखवावं लागतं. ते शोधून वाचावं. बाहेरचा माल बाहेरचा म्हणून विकणारा दुकानदार मला चालतो. देशी म्हणून बाहेरचा विकणारा मात्र खऱ्या देशी कारागिराचं गिऱ्हाईक पळवतो, आणि त्या कारागिराच्या मालाबद्दल लोकांच्या मनात कायमची अढी घालतो.

सर्वांत गंभीर आक्षेप बाजाराच्या आकाराचा आहे. शंभर-दोनशे हौशी माणसांसाठी कोण रीळ बनवील? आणि ज्या जिल्ह्यात माणसं कोयता घेऊन परमुलखात जातात तिथं गळाच्या दुकानाची चर्चा करणं शोभतं का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यात आहे. जलाशय ठरावीक मुदतीच्या ठेक्यानं मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांकडं असतात. पावसाळ्यात बोटुकली सोडायचा खर्च संस्था करते. पाणी आटलं तर तो खर्च बुडतो, २०१६ सारख्या वर्षी पूर्णच बुडतो. काठावर बसून गळ टाकणारा माणूस जो रोहू ओढतो त्याचं बीज भोयांच्या पैशानं पाण्यात पडलेलं असतं. आज तो बहुधा चोरून बसतो किंवा कुणाच्या ओळखीवर बसतो. त्यामुळं संस्थेला त्याच्यापासून काही मिळत नाही, आणि त्यालाही चांगलं साहित्य घेऊन उजळ माथ्यानं बसता येत नाही. संस्थेनं दिवसाची पावती फाडून गळाला परवानगी दिली, किती मासे न्यायचे आणि किती लहान मासा परत सोडायचा हे ठरवून दिलं, तर गाळाचा पट्टा माहीत असलेला भोयाचा मुलगा वाटाड्या होतो, काठी आणि चरखी भाड्यानं देतो, मोडली तर नीट करून देतो. मुंबईत पवईच्या तलावावर गळ टाकणाऱ्यांची संघटना कित्येक दशकं परवाना देऊनच हे चालवत आली आहे, तेव्हा ही कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. १७ सप्टेंबर २०२५ ला बीड शहरात रेल्वे आली. अहिल्यानगरच्या बाजूनं माणसं येण्याची वाट त्यामुळं थोडी सोपी झाली आहे. चरखी बनवणाऱ्या टर्नरला वर्षाला वीस-तीस नगांचं हमखास गिऱ्हाईक संस्थेच्या रूपानं मिळालं तरी त्याला साचा करून ठेवणं परवडतं.

भोई समाजातल्या काहींना यात धोका दिसेल: आज पावतीवाले येतील, उद्या तेच पाण्यावर हक्क सांगतील. ही भीती पोकळ नाही. राज्यात अनेक ठिकाणी जलाशयांचे ठेके नावाला संस्थेकडं आणि प्रत्यक्षात पैसेवाल्या व्यापाऱ्याकडं असल्याच्या तक्रारी जुन्या आहेत. म्हणून परवानगी देणारी, दर ठरवणारी आणि नाकारणारीही संस्थाच असली पाहिजे. पावतीपुस्तक सभासदांना पाहता आलं पाहिजे आणि आषाढ-श्रावणात, मासे अंड्यावर असतात तेव्हा, गळही बंद राहिला पाहिजे. एका गळानं दिवसभरात निघणारे मासे लावजाळ्याच्या एका रात्रीपुढं किरकोळ असतात, तेव्हा साठा संपेल ही चिंता नियम पाळले तर राहत नाही. आणि भाड्यानं द्यायच्या काठ्या-चरख्या संस्थेनं विकत घ्यायच्या तेव्हा निविदेत 'स्वस्तात स्वस्त' एवढीच अट न घालता आणखी दोन अटी घालाव्यात: प्रत्येक दहा नगांमागं सुट्या भागांचा एक संच, आणि जिल्ह्यातल्या जिल्ह्यात दुरुस्ती. कर ५ टक्क्यांवर आल्यानं जे चार पैसे वाचणार आहेत ते या सुट्या भागांच्या संचावर खर्ची घालायला हरकत नाही.